‘म्हणजे’ या शब्दाची उलटतपासणी

(हेदवी, ता. गुहागर येथे तरुणांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण)



शृंगारतळी, चिपळूण, दापोली, खेड अशा सगळीकडून, दोन-दोन एसटी बदलून तुम्ही इथे आलात. आयोजकांनी मला ‘कायद्याची ओळख’ हा विषय दिला होता. मी तो जरा वळवून घेतला आहे. कायद्याची कलमं आज मोबाइलवर मिळतात. वकील नसलेला माणूसही दोन मिनिटांत कलम काढून दाखवतो. कलम समोर आल्यावर त्यातून काय निघतं आणि काय निघत नाही, हे मात्र मोबाइल सांगत नाही. ते ओळखण्याच्या विद्येला तर्कशास्त्र म्हणतात. आज तीच थोडी शिकू या.

सुरुवातीला चार वाक्यं सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती घरात, मोहल्ल्यात किंवा जमातीच्या बैठकीत ऐकली असतील.

‘तो तलाक दिला म्हणतोय, म्हणजे तलाक झाला.’

‘इद्दत संपली, म्हणजे नवऱ्याची जबाबदारी संपली.’

‘शेतजमिनीला शरियत कायदा लागू नाही, म्हणजे बहिणीला वाटा नाही.’

‘सातबारावर तिचं नाव नाही, म्हणजे तिचा हक्क नाही.’

चारही वाक्यांचा पहिला भाग खरा असू शकतो. गडबड आहे ती मधल्या ‘म्हणजे’ या शब्दात. मी चिपळूणच्या कोर्टात वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कित्येकींचं नुकसान कायद्याने केलेलं नसतं. कुणीतरी वडीलधाऱ्याने ठामपणे उच्चारलेल्या एका ‘म्हणजे’ने केलेलं असतं. म्हणून आज या शब्दाची उलटतपासणी घ्यायची आहे.

मी अकरावी-बारावीला कला शाखेत होते. आपल्या बोर्डात तर्कशास्त्र हा विषय घेता येतो. त्यात मी पहिल्यांदा शिकले की युक्तिवादाला हाडं असतात. ज्यांच्यावर तो उभा असतो ती आधारविधानं आणि त्यांतून निघतो तो निष्कर्ष. तर्कशास्त्राचा प्रश्न एकच : आधारविधानं खरी मानली, तर निष्कर्ष खरा मानावाच लागतो का? लागत असेल तर युक्तिवाद वैध. पळवाट उरत असेल तर अवैध, मग बोलणाऱ्याचा आवाज कितीही मोठा असो.

आता इथलंच उदाहरण घेऊ. आज सकाळी तुम्ही बामणघळ पाहायला गेला होतात. खडकातली ती अरुंद भेग, भरतीच्या वेळी लाट आत शिरते आणि पाणी उंच उसळतं. आपण एक विधान खरं मानून चालू : ‘भरती असेल तर घळीत पाणी उसळतं.’ यातला ‘भरती असेल’ हा भाग म्हणजे पूर्वांग आणि ‘पाणी उसळतं’ हा भाग म्हणजे उत्तरांग.

या एका वाक्यावरून चार माणसं चार गोष्टी बोलतात.

पहिला म्हणतो, भरती आहे, म्हणून पाणी उसळणार. बरोबर.

दुसरा म्हणतो, पाणी उसळत नाही, म्हणून भरती नाही. हेही बरोबर. भरती असती तर पाणी उसळलंच असतं.

तिसरा म्हणतो, पाणी उसळतंय, म्हणून भरती आहे. इथे थांबा. वादळी वारा असेल, समुद्र खवळलेला असेल, तर भरती नसतानाही एखादी लाट आत घुसू शकते. आपल्या विधानाने हे कुठे नाकारलं आहे?

चौथा म्हणतो, भरती नाही, म्हणून पाणी उसळणार नाही. हाही चुकला, त्याच कारणाने. भरती असेल तर काय होतं एवढंच आपल्याला सांगितलं आहे. भरती नसेल तर काय, याबद्दल विधान गप्प आहे.

पहिले दोन युक्तिवाद वैध, शेवटचे दोन अवैध. तर्कशास्त्राच्या पुस्तकात यापुढे पुष्कळ आहे, सत्यता कोष्टकं आहेत, चिन्हं आहेत. पण वर सांगितलेल्या चार वाक्यांमधला बराचसा गोंधळ या चौथ्या माणसाचाच आहे. त्याला लक्षात ठेवा. तो पुन्हा भेटणार आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं ग्रीकांचं नाहीतर कॉलेजवाल्यांचं, आपल्याकडे कुठे होतं? आपल्याकडे होतं. मदरशांच्या दर्से-निजामी अभ्यासक्रमात ‘मंतिक’ हा विषय आहे. मंतिक म्हणजे तर्कशास्त्रच. तो शिकवताना ‘सुल्लमुल उलूम’ हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. ते लिहिणारे मुहिबुल्लाह बिहारी औरंगजेबाच्या काळातले काझी होते, १७०७ मध्ये वारले. त्यांचंच दुसरं गाजलेलं पुस्तक ‘मुसल्लमुस सुबूत’ कायद्याच्या मूलतत्त्वांवर आहे. एकाच माणसाने एक पुस्तक तर्कावर लिहिलं आणि दुसरं कायद्यावर, यात त्या काळी कुणाला नवल वाटलं नाही. त्याच्या सहाशे वर्षं आधी इमाम गझाली यांनी ‘अल-मुस्तस्फा’ या कायद्याच्या तत्त्वांवरच्या ग्रंथाची सुरुवातच तर्कशास्त्राच्या प्रकरणाने केली होती.

आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहोत. इमाम शाफई यांच्या ‘रिसाला’त कियासची चर्चा आहे. कियासला चार अंगं असतात : मूळ प्रकरण म्हणजे असल, नवं प्रकरण म्हणजे फरअ, दोघांना जोडणारं कारण म्हणजे इल्लत, आणि निर्णय म्हणजे हुक्म. द्राक्षाची दारू मना आहे. का? नशा येते म्हणून. दुसऱ्या एखाद्या पेयानेही नशा येते. मग तेही मना. कोर्टात आम्ही जुना निवाडा दाखवतो आणि म्हणतो, ‘महाराज, हे प्रकरणही तसंच आहे,’ तेव्हा हेच करतो. समोरचा वकील उठून म्हणतो, ‘तसं नाही, इथे फरक आहे,’ तेव्हा तो इल्लतीवर बोट ठेवत असतो.

आपल्या शेजाऱ्यांकडेही ही विद्या होती. रत्नागिरी जिल्ह्यात १८८० मध्ये जन्मलेले पांडुरंग वामन काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते. त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. वाक्याचा अर्थ कसा लावायचा याचे मीमांसेचे नियम त्यांनी त्या ग्रंथात मांडून ठेवले आहेत. तर्क कुणा एका धर्माच्या किंवा जातीच्या मालकीचा नाही.

आता आपली चार वाक्यं घेऊ. त्याआधी मात्र एका छोट्या शब्दाबद्दल बोलते : ‘किंवा’.

१९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा पत्नीला कोर्टातून तलाक मागण्याचा हक्क देतो. त्याच्या कलम २ मध्ये कारणांची यादी आहे. नवरा चार वर्षं बेपत्ता असणं, दोन वर्षं निर्वाह न देणं, सात किंवा जास्त वर्षांचा तुरुंगवास, योग्य कारण नसताना तीन वर्षं वैवाहिक कर्तव्यं न पाळणं, क्रूरता आणि आणखी काही. यादीच्या वर लिहिलं आहे की यांपैकी कोणतंही एक किंवा अधिक कारण असलं तरी चालेल. एक पुरे. तरीही मी ऐकते, ‘मारहाण कुठे करतो तो? नुसते पैसे पाठवत नाही. एवढ्यावर थोडाच तलाक मिळतो?’ म्हणजे कायद्यातला ‘किंवा’ लोकांनी परस्पर ‘आणि’ करून टाकला. आपल्या भागात हा ‘किंवा’ फार मोलाचा आहे, कारण किती तरी घरांतला कर्ता पुरुष आखातात असतो. दोन वर्षं एक रुपया आला नाही, तर ते एकटं कारणसुद्धा कायद्याला पुरतं.

निर्वाहाच्या त्या कारणात आणखी एक ‘किंवा’ आहे. नवऱ्याने निर्वाहाकडे दुर्लक्ष केलं ‘किंवा’ तो द्यायला असमर्थ ठरला. १९७० मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी युसुफ राउथर प्रकरणात याचा बारकाईने अर्थ लावला. नवऱ्याची चूक होती का, बायको स्वतःहून माहेरी गेली होती का, हे प्रश्न ‘दुर्लक्ष’ या शब्दाशी जोडता येतील. पण दुसरा शब्द वेगळा आहे आणि मध्ये ‘किंवा’ आहे. दोन वर्षं निर्वाह मिळाला नाही ही वस्तुस्थिती पुरेशी आहे. एका अव्ययाची ही ताकद.

आता पहिलं वाक्य. ‘तो तलाक दिला म्हणतोय, म्हणजे तलाक झाला.’

पोटगीच्या दाव्यात हे नेहमी घडायचं. बायको पोटगी मागते. नवरा लेखी जबाबात एक ओळ घालतो की मी हिला अमुक तारखेला तलाक दिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठासमोर दगडू छोटू पठाण विरुद्ध रहिमबी हे प्रकरण आलं आणि २००२ मध्ये त्याचा निकाल लागला. कोर्टाने सांगितलं की नुसतं म्हणणं पुरत नाही. तलाकला वाजवी कारण हवं, त्याआधी दोन्हीकडच्या माणसांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला हवा, आणि हे सगळं पुराव्याने सिद्ध व्हायला हवं. समेटासाठी दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमण्याची सूचना कुरआनातच, चौथ्या सूऱ्यात आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात हाच विचार मांडला. लेखी जबाबातल्या ओळीने तलाक होत नाही.

याची हाडं पाहा. ‘वाजवी कारण आणि समेटाचा प्रयत्न असेल तरच तलाक वैध.’ इथे शब्द आहे ‘तरच’. ‘तर’ आणि ‘तरच’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘तरच’ आवश्यक अट सांगतो. आवश्यक अट सिद्ध झाली नाही तर पुढचं सगळं कोसळतं. बामणघळीवरचा दुसरा माणूस आठवा : पाणी उसळलं नाही, म्हणून भरती नाही. समेटाचा प्रयत्न सिद्ध झाला नाही, म्हणून वैध तलाक सिद्ध झाला नाही. आणि सिद्ध कुणी करायचं? जो तलाक झाला म्हणतो त्याने. ‘झाला नाही’ हे बायकोने सिद्ध करायचं नसतं.

दुसरं वाक्य. ‘इद्दत संपली, म्हणजे नवऱ्याची जबाबदारी संपली.’

हे वाक्य १९८६ च्या कायद्यावरून आलं. १९८५ मध्ये शाहबानो प्रकरणाचा निकाल लागला, त्यावर देशभर वाद झाला आणि पुढच्या वर्षी घटस्फोटित मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा झाला. त्याच्या कलम ३ मध्ये म्हटलं आहे की पूर्वीच्या पतीने इद्दतीच्या काळात वाजवी आणि न्याय्य तरतूद व निर्वाह द्यायचा. लोकांनी वाचलं : इद्दतीच्या काळापुरता. कलम मात्र म्हणतं : इद्दतीच्या काळात. ‘काळात’ आणि ‘काळापुरतं’ हे दोन वेगळे शब्द आहेत. घरपट्टी ३१ मार्चच्या आत भरा, अशी पाटी ग्रामपंचायतीवर असते. म्हणून घरपट्टी मार्चपुरती होते का? ती वर्षाचीच असते, मार्चच्या आत भरायची असते इतकंच.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये करीम अब्दुल रहमान शेख प्रकरणात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २००१ मध्ये डॅनियल लतीफी प्रकरणात हाच अर्थ लावला. द्यायची मुदत इद्दतीपर्यंत, पण तरतूद तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून. शिवाय कायद्यात दोन शब्द आहेत, ‘तरतूद’ आणि ‘निर्वाह’. दोन्हींचा अर्थ एकच असता तर दोन शब्द कशाला घातले असते?

मग नवा ‘म्हणजे’ आला : ‘मुस्लिम बाईसाठी वेगळा कायदा आहे, म्हणजे सर्वांसाठी असलेला पोटगीचा कायदा तिला नाही.’ याच्या मध्ये एक न बोललेलं विधान लपलं आहे : वेगळा हक्क दिला की जुना हक्क जातो. असं कायद्यात कुठे लिहिलं आहे? १० जुलै २०२४ रोजी अब्दुल समद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मुस्लिम घटस्फोटित स्त्रीही पोटगी मागू शकते. आता त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. लपलेलं आधारविधान शोधून ते उजेडात मांडणं, वकिलीतलं निम्मं काम हेच असतं.

तिसरं वाक्य आपल्या घरांच्या सर्वांत जवळचं आहे. ‘शेतजमिनीला शरियत कायदा लागू नाही, म्हणजे बहिणीला वाटा नाही.’

१९३७ चा शरियत लागू करणारा कायदा आहे. त्याचं कलम २ म्हणतं की वारसा, विवाह, तलाक, निर्वाह, मेहेर, वक्फ अशा बाबतींत, विरोधी रूढी असली तरी, मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू राहील. पण त्यात एक अपवाद आहे : शेतजमिनीविषयीचे प्रश्न वगळून. तो अपवाद का ठेवला? १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया कायद्याने शेतजमिनीचा विषय प्रांतांकडे दिला होता, केंद्राला त्यावर कायदा करता येत नव्हता. मुलींना वगळायचं म्हणून तो ठेवलेला नव्हता. मद्रास प्रांताने तर १९४९ मध्ये दुरुस्ती करून शेतजमीनही आत घेतली.

आता चौथा माणूस ओळखा. ‘बाब १९३७ च्या कायद्यात येत असेल तर शरियत लागू होते. शेतजमीन त्यात येत नाही. म्हणून शेतजमिनीला शरियत लागू होत नाही, म्हणून बहिणीला काही नाही.’ भरती नाही, म्हणून पाणी उसळणार नाही! १९३७ चा कायदा शेतजमिनीबद्दल गप्प आहे. गप्प राहणं म्हणजे ‘नाही’ म्हणणं नव्हे. उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं.

दुसरीकडे म्हणजे कुठे? १९३७ च्या आधीही कोकणात मुसलमान मरत होते आणि त्यांच्या जमिनी वारसांकडे जात होत्या. मुंबई इलाख्याच्या मुलखात १८२७ चं चौथं रेग्युलेशन होतं. त्याच्या कलम २६ मध्ये न्यायाधीशाने कशाच्या आधारे निकाल द्यायचा याची उतरंड सांगितली आहे. आधी सरकारी कायदे. ते नसतील तर त्या भागाची रूढी. तीही दिसत नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. या उतरंडीत मुलीला वगळणारी पायरी कुठे आहे? ‘आमच्यात मुलींना जमीन न देण्याची रूढी आहे’ असं कुणी म्हणत असेल, तर रूढी सांगणाऱ्यावरच ती सिद्ध करण्याचा भार असतो. ती जुनी, निश्चित, सलग पाळलेली आणि वाजवी आहे हे त्याला पुराव्याने दाखवावं लागतं. ‘आमच्या घरात कधी दिली नाही’ ही रूढी नव्हे, ती त्या घराची सवय.

हिशोबही करून पाहू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. वडील वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. आजी-आजोबा हयात नाहीत, कर्ज नाही, वसीयत नाही. पत्नीला आठवा हिस्सा, ५ गुंठे. उरले ३५. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे ३५ चे पाच भाग. प्रत्येक मुलाला १४, मुलीला ७. पाच, चौदा, चौदा आणि सात मिळून चाळीस. मुलीला निम्मा वाटा का, बरोबरीचा का नाही, ही चर्चा जरूर करा, या शिबिरात करा. पण जो शरियतचं नाव घेऊन बहिणीला शून्य देतो, त्याला आधी विचारा की सातचं शून्य कोणत्या पुस्तकात झालं.

आणखी एक गोष्ट. वडील हयात असताना मुलीकडून ‘मला वाटा नको’ असं लिहून घेतात. वडील जिवंत असताना मुलीला वारसाहक्क मिळालेलाच नसतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ सांगतं की वारस होण्याची नुसती शक्यता हस्तांतरित करता येत नाही. जे हातात नाही ते सोडणार कसं? मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुलाम अब्बास प्रकरणात एक सावधगिरी सांगितली आहे. मोबदला घेऊन, समोरच्याला विश्वास देऊन असं लिहून दिलं असेल, तर नंतर वाटा मागताना ते लेखन आड येऊ शकतं. म्हणून बहिणींनो, ‘नुसती सही तर करायची आहे’ असं कुणी म्हटलं की कागद घरी आणा, शांतपणे वाचा.

चौथं वाक्य. ‘सातबारावर तिचं नाव नाही, म्हणजे तिचा हक्क नाही.’

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५७. हक्कनोंदणीतली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाईल. यात दोन शब्द आहेत : ‘मानली जाईल’ आणि ‘होईपर्यंत’. हे गृहीतक आहे, खोडता येणारं. नोंदीने हक्क जन्माला येत नाही. वारसाचा हक्क मृत्यूच्या क्षणी जन्माला येतो, नोंद मागाहून येते. नाव आहे ते मालकच असतील असंही नाही, आणि नाव नाही म्हणून हक्क नाही असंही नाही. मात्र नोंद तुमच्या बाजूने असेल तर पुराव्याचा भार समोरच्यावर पडतो, म्हणून वारसनोंद वेळेवर करून घ्या. हा वेळ काढण्यासाठी बहिणी माहेरी येतात ईदला, आणि तलाठी कार्यालय त्या दिवशी बंद असतं. तेव्हा आधीच्या आठवड्यात या.

आता तर्काची मर्यादाही सांगते, नाहीतर तुम्ही उद्यापासून घरात सगळ्यांना चूप करत सुटाल. हे पाहा : सगळे मासे झाडावर राहतात, बांगडा मासा आहे, म्हणून बांगडा झाडावर राहतो. युक्तिवाद शंभर टक्के वैध! आणि तरी बांगडा समुद्रातच. तर्क फक्त जोड तपासतो. आधारविधान खरं आहे का, हे बाहेर जाऊन, कागद पाहून, साक्षीदाराला विचारून ठरवावं लागतं. आणि आधारविधान न्याय्य आहे का, हा प्रश्न तर त्याहून मोठा, तो समाजाने मिळून सोडवायचा असतो.

आणि कधी कधी निष्कर्ष एक असला तरी वाटा वेगळ्या असतात. २२ ऑगस्ट २०१७ चा शायरा बानो निकाल सगळ्यांना माहीत आहे, तीन विरुद्ध दोन. पण ते तीन एका वाटेने आलेले नाहीत. न्यायमूर्ती नरिमन आणि लळित म्हणाले, १९३७ च्या कायद्याने तत्काळ तीन तलाकला मान्यता दिली आहे, तो मनमानी आहे, संविधानाच्या अनुच्छेद १४ शी विसंगत आहे, म्हणून तेवढ्यापुरता तो कायदा रद्द. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ म्हणाले, १९३७ चा कायदा तलाकचं नियमन करतच नाही. या मुद्द्यावर ते अल्पमतातल्या सरन्यायाधीश खेहर यांच्याशी सहमत होते. पण तत्काळ तीन तलाक कुरआनाच्या विरुद्ध आहे आणि जे कुरआनाच्या विरुद्ध ते शरियत असू शकत नाही, म्हणून त्याला संरक्षण नाही. एक वाट संविधानातून गेली, दुसरी धर्मग्रंथातून. दोन्ही एकाच दाराशी पोचल्या. तुम्ही या निकालाच्या बाजूचे असा नाहीतर विरोधातले, निदान कोणत्या न्यायमूर्तींच्या कोणत्या विधानाशी तुमचं पटत नाही हे सांगता आलं पाहिजे. ‘मला निकाल आवडला नाही’ हा युक्तिवाद नव्हे.

तेव्हा कलम किंवा निकाल समोर आला की एवढं करा. निष्कर्ष काय आहे ते एका वाक्यात लिहा. तो कशावर उभा आहे ती विधानं खाली लिहा. ‘आणि’, ‘किंवा’, ‘तर’, ‘तरच’, ‘पर्यंत’, ‘आत’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करा. मध्ये न बोललेलं काही लपलं आहे का ते शोधा. शेवटी विचारा, सिद्ध कुणी करायचं आहे? एवढं झालं की मग वकिलाकडे जा. प्रश्न नीट विचारता आला की उत्तरही नीट मिळतं.

आणि हे घरात करताना आवाज खाली ठेवा. चाचा, मामू, दादा यांना हरवायचं नाही. त्यांनाही कुणीतरी तोच ‘म्हणजे’ लहानपणी ऐकवला आहे आणि त्यांनी तो तसाच पुढे दिला आहे. ‘चाचा, तुम्ही म्हणता ते कलम खरं आहे, पण त्यातून हे कसं निघतं ते मला जरा समजावून सांगा,’ इतकंच अदबीने म्हणा. खरा मुद्दा असेल तर ते समजावतील आणि तुम्ही शिकाल. नसेल तर दोघं मिळून कलम पुन्हा वाचाल.

आता दुपारच्या सत्रात गट करू. प्रत्येक गटाने आपल्या गावात ऐकलेला एक ‘म्हणजे’ आणायचा आहे. त्यातली आधारविधानं फळ्यावर लिहू आणि बाकीच्यांनी पळवाट शोधायची. मुलींच्या गटाने पहिली सुरुवात करावी अशी माझी विनंती आहे, कारण त्यांच्याकडे उदाहरणं जास्त असणार.